राजांनी दाखवलेली विहीर

बोंग-छी हे काही लाडानं ठेवलेलं नाव नव्हे. घरात मुलीवर मुलगी झाली की आमच्या किनाऱ्यावर हे नाव ठेवत. अर्थ एवढाच, की आलीच आहे तर वाढवा कशीतरी. तिच्या आईबापांना तेवढंही जमलं नाही. पोर चालायला लागली न लागली तोच त्यांनी तिला कावडीच्या एका टोपलीत बसवलं, दुसऱ्या टोपलीत तोलाला रताळी भरली आणि मिठागरांच्या बांधावरून आमच्या स्वाबुए गावात आणून सोडलं. इथे क्वांच्या घरी एक मुलगा होता, आ-बोक. मोठी झाली की त्याची बायको व्हायचं आणि तोवर घरची मुलगी म्हणून राबायचं, असं ठरलं होतं.

ही हकिगत निम्मी मी तिच्या तोंडून ऐकली, निम्मी डोळ्यांनी पाहिली. मी शेजारच्या लूंची सून. क्वांच्या आणि आमच्या चुलींच्या मधे एक कुडाची भिंत होती, तिकडे भात करपला तर वास आधी मला यायचा. मी बोंग-छीला काकू म्हणायचे.

दोघं वयात आली, त्या वर्षअखेरच्या संध्याकाळी घरची जेवणं झाल्यावर काकूच्या सासूनं त्यांना एका खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी घातली. लग्न म्हणायचं ते एवढंच. काल ज्याचं नाक पुसलं त्याला आज नवरा कसं म्हणायचं? काकू सांगायची, दोघं पाठीला पाठ लावून बसले आणि तो तिला खेकड्याचं बीळ कसं ओळखायचं ते समजावत राहिला. पुढे संसार झाला, मुलगा झाला, तरी ती त्याला आयुष्यभर अरे-तुरेच करत राहिली.

गावचं देऊळ राजांचं. राजे मूळचे इथले नव्हेत. पणजोबांच्याही आधी कधीतरी भरतीबरोबर एक जहाज आमच्या वाळूला येऊन लागलं. वल्हवणारं कुणी नाही. आत तीन लाकडी मूर्ती, तांदळाची पोती, मीठ, सरपण. कुठल्यातरी दूरच्या गावानं आपली मरी जहाजात घालून समुद्रात लोटली होती, ती आमच्या वाट्याला आली. ज्या घरांनी ते तांदूळ शिजवले त्यांची माणसं आधी गेली असं सांगतात. उरले त्यांनी मूर्ती उचलल्या, गवताचं छप्पर घातलं आणि हात जोडले, की राजे, आलात ते आलात, आता राहा, पण रोगाला आवरा. तेव्हापासून दर तीन वर्षांनी यात्रा भरते आणि गाव जहाज बांधतं. राजांची पालखी घरोघर फिरते, गावातली रोगराई त्यांच्या हुकमानं जहाजावर चढते आणि भर दुपारी किनाऱ्यावर ते जहाज जाळतात. समुद्रात सोडलं तर पुन्हा कुणाच्यातरी वाळूला लागणार. एवढी अक्कल आपल्या वाडवडिलांना होती, असं सिआकाका मोठ्या अभिमानानं सांगायचे.

सिआकाका देवळाचे जाणते. राजे ज्याच्या अंगात येतात त्याला आम्ही राजांचं झाड म्हणतो. झाड जे बोलतं ते कुणाला उमगत नाही, नुसती घरघर आणि तुटके शब्द. त्याचा अर्थ लावून सांगायचं काम सिआकाकांचं.

लग्नानंतरच्या यात्रेत आ-बोकनं पालखीला खांदा दिला होता. देवळासमोर येताच तो थरथरायला लागला, पालखी सोडून त्यानं एकदम उडी घेतली आणि कुणी अडवायच्या आत झाडांसाठी ठेवलेला खिळ्यांचा गोळा उचलून स्वतःच्या पाठीवर हाणू लागला. ढोल थांबले. सिआकाकांनी कान जवळ नेला आणि राजांनी झाड निवडलं म्हणून जाहीर केलं. लोक आडवे पडून नमस्कार घालू लागले. त्या गर्दीत काकू कडेला कालवांची टोपली घेऊन उभी होती. तिला आधी एवढंच दिसलं, की त्याच्या अंगातला सदरा नवा होता.

तेव्हापासून आ-बोक दोन माणसं झाला. एक कालवं काढणारा, लाजाळू, चारचौघांत मान वर न करणारा. दुसरा यात्रेत निखाऱ्यांवरून चालणारा, ज्याच्या शब्दावर लोक लग्न ठरवायचे नि मोडायचे. भानावर आला की त्याला काही आठवायचं नाही. पाठ का दुखते म्हणून विचारायचा. काकू तांदळाच्या दारूनं जखमा पुसायची आणि म्हणायची, "राजे येतात, राजे जातात. रक्त धुवायला बोंग-छी."

आमच्याकडे जमीन खारी, वारा खारा आणि विहिरींचं पाणीही खारं. रताळ्याचा वाळवलेला कीस त्या पाण्यात शिजवला की वेगळं मीठ लागायचं नाही. आसपासच्या गावांनी जमिनीत खोलवर बांबूच्या नळ्या उतरवून गोडं पाणी काढलं होतं. आमच्याही गावानं तसले कारागीर बोलावले. पण खोदायचं कुठे, यावर भांडणं जुंपली, ज्याच्या त्याच्या मते ज्याच्या त्याच्या दारात. शेवटी राजांना विचारायचं ठरलं. आ-बोकच्या अंगात वारं आलं. हातात राजांची तलवार घेऊन तो अंगणभर धावला आणि देवळाच्या डाव्या भिंतीशी काहीतरी पुटपुटत ती जमिनीत खुपसून तिथेच कोसळला. शेजारी सिआकाका कान लावून होते. तिथे नळ्या उतरवल्या. पाणी उपसावंही लागलं नाही, आपलं आपण वर आलं. कोमट होतं, थोडा वास होता, पण गोड होतं. बायांनी तिथल्या तिथे पोरांना न्हाऊ घातलं. विहिरीशेजारी उदबत्त्यांचं घंगाळ बसवलं आणि क्वांच्या घराला मान मिळाला. यात्रेत पहिला नैवेद्य त्यांचा.

मधे युद्ध आलं. जपानी साहेबांनी यात्रा बंद केल्या, झाडांना चौकीवर नेऊन झोडपलं. जहाजं बंद पडली, विहीर मात्र चालू राहिली. जपानी गेले, यात्रा पुन्हा भरू लागली आणि त्याच सुमाराला गावात पाय काळे पडायला लागले.

मी लग्न होऊन आले ती याच दिवसांत. आधी बोटं गार पडायची, मग मुंग्या, मग अशी कळ, की धडधाकट माणूस दाराची चौकट चावायचा. मग अंगठा कोळशासारखा काळा व्हायचा, वाळायचा आणि एक दिवस झडून पडायचा. मग पाऊल, मग पोटरी. कुणाच्या घराखाली हाडं आहेत म्हणून जमीन खणली, कुणाच्या आज्याची कबर हलवली. लोक राजांकडे धावले. राजांनी आ-बोकच्या तोंडून सांगितलं आणि सिआकाकांनी समजावलं, की अंगारा घ्या, विहिरीच्या पाण्यात कालवा आणि सकाळ-संध्याकाळ प्या. लोक प्यायले. मीही प्यायले, नव्या सुनेला काही होऊ नये म्हणून.

होक-सेंग हा काकूचा एकुलता एक मुलगा. त्याचं लग्न ठरलं होतं. त्याचा अंगठा काळा पडल्याचं कळताच मुलीकडच्यांनी निरोपसुद्धा पाठवला नाही, नुसतं येणं बंद केलं. त्या साली यात्रेत काकूनं कागदी खोडा घातला. जुन्या काळी गुन्हेगारांच्या मानेत लाकडी फळी अडकवायचे, तशी ही बांबूच्या काड्यांची आणि पिवळ्या कागदाची. घरातल्या आजाऱ्यासाठी बायामाणसं ती गळ्यात घालून पालखीमागे अनवाणी चालतात. शेवटी राजांच्या दरबारात गुडघे टेकायचे, सिआकाका विचारणार कुणासाठी, आपण नाव सांगायचं, मग खोड्यावर छडी मारून तो काढतात आणि गुन्हा माफ झाला असं समजायचं. काकू मिठागरांच्या तापलेल्या बांधावरून चालली. मुलाचं नाव सांगितलं. गुन्हा माफ झाला.

होक-सेंगचा एक पाय शहरात नेऊन गुडघ्याखाली कापला. वर्ष सरलं आणि दुसरा काळा पडू लागला. एका सकाळी तो ढुंगणावर सरकत सरकत माशांच्या तळ्यापर्यंत गेला. वाटेतल्या चिखलात त्याच्या तळव्यांचे ठसे दिसत होते. ते पाहूनच काकूनं ओळखलं आणि धावायचं सोडून ती चालू लागली. मी तिच्यामागे होते. तिनं त्याला बाहेर काढायला कुणाची मदत घेतली नाही. आ-बोककाका बांधावर उभा राहिला. नंतर म्हणाला, मला पाण्यात उतरता आलं नाही, पाय कुठे पडतोय तेच कळेना. तेव्हा त्या बोलण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

पुढच्या यात्रेत आ-बोककाका निखाऱ्यांवरून चालला तो असा, की गाव आजही सांगतं. एरवी झाडं झपाझप जातात. तो सावकाश गेला, मधोमध थांबला, राजांच्या दिशेनं वळून वाकला आणि तसाच पुढे निघाला. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगा गेला तरी राजांनी झाडाला सोडलं नाही, उलट जास्त बळ दिलं, असं जो तो म्हणत होता. घरी आल्यावर काकूनं घमेल्यात त्याचे पाय घेतले. मी किटली घेऊन शेजारी होते. तळव्याची कातडी निघून आली होती आणि तो आपला उकडलेलं रताळं खात बसला होता. काकूनं नखानं जोरात टोचलं. तो खातच राहिला.

"दुखतंय का रे?" तिनं विचारलं.

"नाही. राजांची कृपा."

काकू माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मेलाय हा पाय."

त्यानंतर शहरातून डॉक्टर आले. बाटल्यांमधून विहिरीचं पाणी घेऊन गेले, घरोघर पाय बघितले, कोण कुठलं पाणी पितं ते विचारलं. बऱ्याच महिन्यांनी परत येऊन त्यांनी देवळाच्या अंगणात गाव जमवलं आणि सांगितलं, की या खोल विहिरीच्या पाण्यात विष आहे. जमिनीच्या पोटातलंच आहे, कुणी घातलेलं नाही. आजपासून हे पिऊ नका.

मग एकेक करून माना वळल्या. आ-बोककाका देवळाच्या पायरीवर बसला होता. तोवर त्याच्या डाव्या पायाची बोटं गेली होती.

सिआकाका म्हणाले, विहीर राजांनी दाखवली, तेव्हा डॉक्टर खोटं बोलतात. मागून कुणीतरी म्हणालं, राजांनी कशाला, आ-बोकनं दाखवली, राजांचं नाव घेऊन. एका बाईचे नवरा आणि दीर दोघंही पाय कापून गेले होते. ती उठली, त्याच्यासमोर थुंकली आणि पोरं घेऊन घरी गेली. आ-बोककाका एवढंच म्हणाला, "मला आठवत नाही." खरंच आठवत नव्हतं. त्याला कधीच काही आठवायचं नाही.

राजांना विचारावं, हे सगळ्यांच्याच मनात आलं असणार. पण विचारायचं कुणाच्या तोंडून? गावात झाड एकच. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच देवळात जाऊन बसला. उदबत्त्या लावल्या, ढोलवाल्याला बसवलं, डोळे मिटले. राजे आले नाहीत. रोज जायचा, दुपारपर्यंत बसायचा, मग काकू जाऊन त्याला हाताला धरून घरी आणायची. पुढे ढोलवाला यायचा थांबला. मग त्याला चालता येईना, काकूला पाठुंगळी घेऊन न्यावं लागे, तरी जायचाच. राजे त्याच्या अंगात पुन्हा कधी आले नाहीत.

यात्रेचं साल आलं. यंदा यात्रा नकोच असं काही जण म्हणत होते, पण घाबरून शेवटी सगळे तयार झाले. जहाज बांधलं. त्यात तांदूळ, मीठ, सरपण, भांडी भरली. प्यायचं पाणी भरायची वेळ आली तेव्हा माणसं एकमेकांकडे बघत राहिली. आजवर ते विहिरीचं भरायचे. अखेर कुणीतरी शेजारच्या गावाहून कावड आणली.

काकूनं पुन्हा खोडा घातला. लोकांना वाटलं, नवऱ्यासाठी. पालखीमागे चालताना तिच्या आजूबाजूला जागा सुटली होती, कुणी तिच्या बरोबरीनं चालत नव्हतं. दरबारात तिची पाळी आली. सिआकाकांनी ठरलेला प्रश्न विचारला, कुणासाठी.

"विहिरीसाठी," काकू म्हणाली.

सिआकाकांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी पुन्हा विचारलं.

"नवऱ्यानं गुन्हा केला असेल तर त्याला शिक्षा झाली. माझ्या पोरालाही झाली. पण विहीर कुणी दाखवली ते अजून कुणी विचारलं नाही. मला राजांनाच विचारायचंय. कौल द्या."

सिआकाकांनी कौलाला हात लावला नाही. शेवटी तिनंच मान वाकडी करून, खोडा सावरत, चौरंगावरच्या कौलाच्या चंद्रकोरी उचलल्या. लाकडाचे दोन तुकडे, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट एक फुगीर पडला तर राजांचा होकार. दोन्ही फुगीर वर आले तर नकार. दोन्ही सपाट वर आले तर राजे हसले, म्हणजे उत्तर नाही.

"राजे, तलवार खुपसली ती तुम्हीच ना?" असं म्हणून तिनं कौल टाकला. दोन्ही सपाट. तिनं पुन्हा उचलले, पुन्हा तेच विचारलं. पुन्हा सपाट. तिसऱ्यांदा एक तुकडा गरगर फिरत राहिला, सगळे मान पुढे काढून बघत होते, आणि तोही सपाटच पडला.

काकूनं मान वर करून मूर्तींकडे पाहिलं. मग म्हणाली, "यात हसण्यासारखं काय आहे?"

ती ओरडली नाही. स्वयंपाकघरात मी काही सांडलं तर ज्या आवाजात बोलायची त्याच आवाजात बोलली. सिआकाकांनी छडी उचलली आणि खोडा काढून टाकू या म्हणाले. ती बाजूला झाली. निकाल लागलेला नाही, मग काढता कशाला, असं म्हणून खोड्यासकट देवळाबाहेर पडली. भर दुपारी जहाज जाळलं तेव्हा सगळं गाव किनाऱ्यावर होतं. काकू घरी कालवं फोडत बसली होती. खोड्यामुळे तिला हात दिसत नव्हते, म्हणून सुरीनं बोटं चिरली होती. पुढे कितीतरी दिवस तो पिवळा कागद तिच्या गळ्यात होता. घामानं, पावसानं भिजून लोंबू लागला, काड्या निसटल्या आणि एका सकाळी उरलेला तिनं चुलीत घातला. लोकांना वाटलं आता हिच्यावर काहीतरी कोसळणार. तिच्यावर आणखी काय कोसळायचं होतं?

आ-बोककाकाचे दोन्ही पाय गेले. शेवटच्या दिवसांत त्याला फार ताप असायचा. एका दुपारी मी पेज घेऊन गेले तेव्हा तो काकूला विचारत होता, "तू तिथे होतीस ना गं? तो मीच होतो का?"

काकूनं त्याच्या कपाळावरची ओली घडी बदलली. "राजे होते," ती म्हणाली. "तुझे डोळे तुझे नव्हते. मी सांगते ना."

त्याला ते पटलं की नाही, कोण जाणे. दोन दिवसांनी तो गेला. सिआकाका मातीला आले नाहीत.

पुढे सरकारी नळ आला आणि विहिरीवर सिमेंटची झाकणी बसली. पण प्यायलेलं पाणी अंगात होतंच. नळ आल्यावरही कितीतरी वर्षं पाय काळे पडत राहिले. काकू त्याच विहिरीचं पाणी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त प्यायली होती, तिला काही झालं नाही. लोक यावरही बोलायचे. ती घरोघर जाऊन पाय धुवायची, पट्ट्या बदलायची. त्या वासानं सख्खी मुलं बाहेर बसायची, ही आत असायची. पुण्य वगैरे तिच्या डोक्यात नव्हतं. सवय झाली आहे, एवढंच म्हणायची. देवळात मात्र पुन्हा गेली नाही. आता तिथे रंगीत कौलांचं मोठं देऊळ उभं आहे, यात्रेला शहरातून गाड्या भरून माणसं येतात आणि झाड बाहेरगावाहून बोलवावं लागतं.

सगळ्यात शेवटी सिआकाकांचा पाय काळा पडला. मुलं दक्षिणेला बंदरावर कामाला, घरात कुणी नाही. काकू एक दिवस त्यांच्या दारात घमेलं घेऊन उभी राहिली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तिनं पाय धुवायला घेतला. ते मरेपर्यंत ती जात होती.

ते गेल्यावर आम्ही दोघी कालवं फोडत बसलो असताना मी तिला विचारलं. राजांचं बोलणं त्या दिवशी फक्त सिआकाकांना कळलं होतं. तलवार खुपसताना आ-बोककाका काय पुटपुटला होता, ते एवढ्या वर्षांत तुला सिआकाकांना एकदाही विचारावंसं वाटलं नाही का?

काकूनं हातातलं कालव फोडलं, पाण्यात टाकलं आणि दुसरं उचललं.

"विचारून काय?" ती म्हणाली. "म्हातारा रोज माझ्या हातून मऊ भात खायचा. त्यानं मला हवं ते सांगितलं असतं."